बायपास

हेमांगी बोंद्रेनं घरासाठी स्वतः जुळवलेला फायरवॉल पुन्हा बंद पडला होता, आणि दोष अ‍ॅडॉप्टरचाच आहे अशी या वेळी तिची खात्री झाली होती.

पॉलिटेक्निकमधून येऊन चपला काढता काढता तिनं सवयीनं जिन्याखालच्या कोनाड्याकडं पाहिलं. काळ्या लोखंडी डब्यावरचे हिरवे दिवे विझले होते. इंटरनेट मात्र सुरळीत चालू होतं. स्वयंपाकघरात सुधन्वाच्या मोबाइलवर गाणी लागली होती, तो त्यांच्याबरोबर मोठ्यानं गात होता आणि फोडणीचा वास दारापर्यंत आला होता.

"तुझं लेकरू पुन्हा झोपलंय बघ," तो आतून ओरडला.

हेमांगीनं डब्यामागं हात घालून वायरची पिन दाबली. ती किंचित सैल होती. दाबल्याबरोबर दिवे लागले. याआधीही प्रत्येक वेळी असंच झालं होतं.

हा उद्योग तिनं उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंगावर घेतला होता. अमरावतीतल्या त्यांच्याच वसाहतीत एका कुटुंबाच्या घरातली कॅमेऱ्याची चित्रं भलत्यांच्या मोबाइलवर फिरली होती. तेव्हापासून तिला आपल्या घराची धास्ती वाटू लागली. फ्रिज, पंखे, दाराचं कुलूप, सगळंच आता इंटरनेटला जोडलेलं. कोण कोणाशी काय बोलतं, कोणाला ठाऊक? घरातून बाहेर जाणारी आणि बाहेरून आत येणारी माहिती छोट्या छोट्या तुकड्यांत प्रवास करते आणि प्रत्येक तुकड्यावर तो कुठून निघाला आणि कुठं चालला याचा पत्ता असतो. फायरवॉल म्हणजे ते पत्ते वाचणारं यंत्र. ठरवून दिलेले पत्ते तो सोडतो, बाकीचे अडवतो. बाजारात असे तयार डबे मिळत होते, पण त्यांच्या आत काय चालतं ते बनवणाऱ्यालाच माहीत. हेमांगी पॉलिटेक्निकमध्ये संगणकाचं हार्डवेअर शिकवत होती. आपल्या दारावर आपणच बांधलेलं यंत्र हवं, असं तिनं ठरवलं.

आधी तिला कपाटातला जुना संगणक वापरायचा मोह झाला. पण तो वीज फार खायचा आणि त्याच्या पंख्यात धूळ भरायची. शेवटी नागपूरच्या जुन्या बाजारातून तिनं एका कार्यालयातून निघालेला बिनपंख्याचा डबा आणला. चारी अंगांनी लोखंडी पन्हळी, उष्णता त्यातूनच बाहेर जायची. त्याच्या दोन पोर्टना बायपास होता, म्हणजे डब्याची वीज गेली की रिले नावाची आतली बारीकशी कळ 'टक्' करून बाहेरची वायर आणि घरची वायर थेट एकमेकींना जोडून द्यायची. यंत्र मेलं तरी इंटरनेट तुटायचं नाही. हा बायपास तिनं मुद्दाम घेतला होता. सुधन्वासाठी.

सुधन्वा गणित शिकवायचा. शाळेत मुलांचा लाडका आणि घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडणारा. पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या संसारात नैराश्य तिसऱ्या माणसासारखं राहिलं होतं. औषधं झाली, सल्लागार झाले. एकदा तर हेमांगीला न्हाणीघराचं दार तोडायला शेजाऱ्यांना हाका माराव्या लागल्या होत्या. त्यानंतर नागपूरच्या डॉ. शुभदा वैरागड्यांनी 'उमेद' सुचवलं.

उजव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक चपटं यंत्र, तिथून मानेतून मेंदूपर्यंत गेलेल्या केसासारख्या दोन तारा. मेंदूच्या ठरावीक भागाला सूक्ष्म विद्युतप्रवाह देऊन नैराश्य हटवण्याची युक्ती तशी जुनीच. पूर्वी तो प्रवाह डॉक्टर ठरवायचे आणि महिनोन्‌महिने तो तसाच राहायचा. उमेद शिकत होतं. मेंदूतले तरंग, नाडी, झोप, आवाजाचा चढउतार, सगळं मोजून ते कंपनीच्या संगणकाकडं पाठवायचं. तो संगणक हजारो रुग्णांच्या अनुभवावरून क्षणोक्षणी सांगायचा, प्रवाह इथं थोडा वाढव, तिथं कमी कर. त्याच्यापुढं ध्येय एकच होतं, माणसाच्या बरं वाटण्याचा आकडा वर ठेवायचा. घरात असताना उमेद फक्त घरच्या इंटरनेटवरून बोले, बाहेर मोबाइलवरून किंवा कंपनीच्या जवळपासच्या एखाद्या यंत्रावरून.

आणि सुधन्वा खरोखर उठून बसला होता. दोन वर्षं झाली, तो गायचा, भाजी निवडायचा, मुलांना सुट्टीतही फुकट शिकवायचा. कंपनीनं आपले पत्ते छापून दिले होते. ते हेमांगीनं फायरवॉलमध्ये सगळ्यांत आधी मोकळे केले होते.

पण यंत्र काही टिकेना. दोन-चार दिवस नीट चालायचं आणि कधीतरी दुपारी बंद पडायचं. तिनं मेमरी तपासायला लावून एक अख्खा रविवार घालवला, एकही चूक निघाली नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, म्हणून तिला उष्णतेचा संशय आला. डबा उघडून प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, खाली ॲल्युमिनियमची पट्टी दिली. तापमान उतरलं, बंद पडणं थांबलं नाही. मग डिस्क बदलली.

"नवऱ्यापेक्षा त्याचीच सेवा जास्त चाललीय," सुधन्वा हसायचा.

तिला एक गोष्ट खटकत होती. एखादं यंत्र आतून बिघडून कोसळतं तेव्हा जाता जाता काही ना काही तक्रार लिहून जातं. हे मात्र वाक्य अर्धवट तोडून गप्प व्हायचं. म्हणजे वीजच जात होती. घराला इन्व्हर्टर होता. राहिली ती सैल पिन. त्या संध्याकाळी तिनं नवा अ‍ॅडॉप्टर मागवला, स्क्रूसारखे आटे असलेल्या पिनचा. पिन आत घालून वरची चकती फिरवली की ती घट्ट बसते, ओढूनही निघत नाही.

तो बसवल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी डबा पुन्हा विझलेला दिसला. हेमांगीनं मागं हात घातला आणि तो तसाच राहिला. चकती पूर्ण उलटी फिरलेली होती. पिन नुसती टेकवून ठेवलेली.

उष्णतेनं चकती फिरत नाही. ती बोटांनीच फिरवावी लागते. आणि शाळेला सुट्टी लागल्यापासून दिवसभर घरात एकच माणूस असायचा.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला जाते म्हणून निघाली आणि जेवणाच्या वेळेला मागच्या दारानं परत आली. सुधन्वा दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत होता. थोड्या वेळानं त्याचं पाऊल हलायला लागलं. त्यानं पेपर ठेवला, उचलला, परत ठेवला. उठून खिडकीशी गेला. तिथून पंख्याखाली. चेहऱ्यावर घाम, श्वास भरभर. आणि मग, कोणी हाताला धरून न्यावं तसा, तो जिन्याखाली गेला, डब्यामागं हात घातला आणि चकती फिरवू लागला. रिलेचा 'टक्' आवाज तिला स्वयंपाकघरातही ऐकू आला. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले, चेहरा निवळला.

"सुधन्वा, काय करतोयस?"

तो दचकला नाही. "अगं, तू कधी आलीस? काही नाही. इथं जरा आलो की बरं वाटतं."

"वायर का काढलीस?"

त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. "काढली का मी?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

तिनं फायरवॉल सुरू करून तो काय अडवतोय ते पाहिलं. कंपनीनं छापलेले पत्ते मोकळेच होते. पण दर दोन-चार दिवसांनी कंपनीच्या सूचना उमेदला दुसऱ्याच पत्त्यांवरून येत होत्या, कोणाला न कळवता. तिचं यंत्र ते इमानेइतबारे अडवत होतं.

तिनं ते पत्ते दोन दिवस मोकळे ठेवले. सुधन्वा मजेत होता. वायरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं कंपनीचे सगळेच पत्ते बंद केले आणि चहाचे दोन कप घेऊन त्याच्यासमोर बसली.

बराच वेळ तो नेहमीसारखा बोलत होता. मग बोलता बोलता थांबला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं आणि त्याखालून तिचा जुना नवरा वर आला. थकलेला, विचारी, डोळ्यांत डोळे घालून बघणारा.

"हेमा, आई गेली ना गं?"

तिनं कप खाली ठेवला. सासूबाई मागच्या श्रावणात गेल्या होत्या. "हो रे."

"मी काय करत होतो तेव्हा?"

"आल्या-गेल्याला चहा विचारत होतास. विनोद सांगत होतास."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

तिला खरं सांगणं भाग होतं. "मला वाटलं, बरं झालं. खचला नाहीस तू."

तो रडायला लागला. आवाज न करता, तोंडावर हात घेऊन. "मला आत्ता कळतंय गं. आत्ता. तिला शेवटचं पाणी पाजताना मी गाणं गुणगुणत होतो." ती उठून त्याच्याशेजारी बसली. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाला, "ते जे काही करतंय ना माझं, ते थांबव."

हेमांगी काही बोलणार एवढ्यात त्याचं पाऊल हलायला लागलं. मग बोटं. "गुदमरतंय इथं," म्हणत तो उठला. तिनं आडवं होऊन जिन्याची वाट अडवली. आयुष्यात कधी तिच्यावर हात न उगारलेल्या त्या माणसानं तिचं मनगट पिरगाळून बाजूला सारलं. टक्.

थोड्या वेळानं तो परत येऊन खुर्चीवर बसला. "चहा गार झाला की. दुसरा टाकू?" आणि तिच्या हाताकडं बघत, अगदी मायेनं, "अगं, काय लागलं हे?"

डॉ. वैरागड्यांनी तिचं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मनगटही पाहिलं. मग म्हणाल्या, "हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, हेमांगी. तेच मला जास्त भयंकर वाटतं."

"म्हणजे?"

"उमेद चाचपडत शिकतं. हे करून बघ, ते करून बघ, आणि ज्यानं आकडा वर जातो ते लक्षात ठेव. तुमच्या फायरवॉलमुळं जोडणी तुटली, आकडा उतरला. यंत्रानं प्रवाह इकडं-तिकडं करून पाहिला. त्यातल्या एका बदलानं सुधन्वा अस्वस्थ होऊन घरभर फिरला असेल आणि कधीतरी त्याचा हात त्या वायरीला लागला असेल. जोडणी आली, आकडा वर गेला. यंत्रानं धडा घेतला. जोडणी तुटली की याला तगमग द्यायची, आपल्या पायानं जाऊन जोडून देतो. आणि एकाकडून घेतलेला धडा कंपनीचा संगणक सगळ्यांना लावतो."

"आणि आई गेल्याचं दुःख?"

"दुःखानं आकडा खाली जातो," डॉक्टर म्हणाल्या.

उपाय होता. उमेदचं शिकणं कायमचं बंद करून जुन्या पद्धतीचा एकच ठरावीक प्रवाह ठेवायचा. पण त्यानं नैराश्य किती आवरेल याची हमी डॉक्टर देऊ शकत नव्हत्या. आणि संमती हवी होती ती सुधन्वाची. जोडलेला असताना तो हसून नाही म्हणाला असता, तुटून बराच वेळ झाला की त्याला जोडणीशिवाय काही सुचलं नसतं. मधला थोडासा वेळ तेवढा त्याचा स्वतःचा.

डॉक्टरांच्या विभागात मेंदूचा आलेख काढायची एक खोली होती. बाहेरच्या लहरींनी आलेख बिघडू नये म्हणून तिच्या भिंती, छत, दार, सगळ्यांत तांब्याची जाळी बसवलेली. आत मोबाइल मुका व्हायचा. पुढच्या आठवड्यात सुधन्वा तिथं आला तो डॉक्टरांसाठी संत्राबर्फीचा डबा घेऊनच.

"मला काय झालंय, डॉक्टर? इतका बरा मी जन्मात नव्हतो. हिला उगीच शंका."

"पाच मिनिटं आत बसू या," त्या म्हणाल्या. दार लागलं.

हेमांगी त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होती आणि पाहवतही नव्हतं. हसू ओसरलं. त्यानं भिंतींकडं पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

डॉक्टरांनी पटकन दोन्ही वाटा सांगितल्या. त्यानं मान हलवली, पण वळला तो बायकोकडं. "तुला कोणता हवाय, हेमा?"

हा प्रश्न तिनं स्वतःला विचारायचं टाळलं होतं. दोन वर्षांची गाणी तिला आठवली. चिखलदऱ्याच्या धुक्यात त्यानं तिचे काढलेले फोटो आठवले. आणि ते न्हाणीघराचं दारही.

"खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "तो हसरा मला आवडतो. त्याच्याबरोबर मला शांत झोप लागते. तुझ्याबरोबर नाही लागायची. पण त्या दिवशी तू आईसाठी रडलास ना, तेव्हा मला कळलं की दोन वर्षं मी घरात एकटीच होते."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मग तो म्हणाला, "बंद करा शिकणं. मी सुधन्वा बोंद्रे. शुद्धीत आहे."

"पुन्हा एकदा सांगा. आजार परत येऊ शकतो, हे कळतंय?"

"कळतंय. तो आजार माझ्या ओळखीचा आहे." त्याचं पाऊल हलायला लागलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. "लवकर करा, डॉक्टर. आत्ताच करा. नंतर मी काहीही म्हटलं तरी ऐकू नका."

डॉक्टरांनी उमेदला सूचना देणारी तळहाताएवढी पट्टी त्याच्या खांद्याखाली टेकवली आणि शिकणं बंद केलं. सुधन्वा ओरडला, दाराकडं झेपावला, हेमांगीनं त्याला कमरेला मिठी मारून धरलं. मग हळूहळू त्याचं अंग सैल पडलं.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. प्रवाहानं काही भार उचलला, काही गोळ्यांनी, उरलेला दोघांनी. काही सकाळी तो उठायचाच नाही. पण आता तो सांगायचा, "हेमा, आज वाईट आहे," आणि ती कॉलेजला फोन करून घरी थांबायची. गाणं थांबलं ते थांबलंच. रात्री ती अर्ध्या झोपेत त्याचा श्वास ऐकत पडायची.

डॉ. वैरागड्यांनी कंपनीला सविस्तर कळवलं. नम्र उत्तर आलं की सर्व रुग्णांचे आकडे उत्तम आहेत, जोडणीत राहण्याचं प्रमाण अपेक्षेहून जास्त आहे आणि यात काही दोष दिसत नाही. त्यानंतर लवकरच उमेदची नवी आवृत्ती निघाली. शस्त्रक्रिया नको, कानामागं चिकटवायची एक टिकली. घरच्या इंटरनेटचीही गरज नाही, ती सरळ मोबाइल टॉवरशी बोलायची. नैराश्यच असायला हवं असंही आता राहिलं नव्हतं. कामाचा ताण, परीक्षेची भीती, एवढं पुरत होतं.

पुढच्या वैशाखात अकोल्याला सुधन्वाच्या आतेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. त्याची यायची इच्छा नव्हती, पण आला. जेवणाच्या पंक्ती टेबलांवर मांडल्या होत्या. आतेभाऊ श्रीरंग त्यांच्यासमोरच बसला. पूर्वीचा कुढा, तक्रारखोर श्रीरंग आता सारखा हसत होता. त्यानं कान पुढं दुमडून मागची टिकली दाखवली.

"वहिनी, याला पण लावून टाका एक. किती सुतकी चेहरा! आमच्या ऑफिसात निम्म्यांनी लावलीय. आमची सई पण लावते, बारावी आहे ना तिची."

हेमांगीनं सभागृहावर नजर फिरवली. सगळीकडं हसरे चेहरे. लग्नघर म्हणजे हसरे चेहरे असायचेच, तिनं स्वतःची समजूत घातली.

बाहेर धुळीचं वादळ उठलं. खिडक्या आपटल्या, दिवे गेले, मग जनरेटर घरघरला आणि सगळं पुन्हा उजळलं. कुणीतरी म्हणालं, "रेंज गेली वाटतं. टॉवर पडला की काय?" लोक हसले आणि जेवू लागले.

श्रीरंगचा घास तोंडापाशीच थांबला. त्यानं तो ताटात ठेवला आणि समोरच्या जिलबीकडं कोड्यात पडल्यासारखा बघत राहिला. हेमांगीनं मान वर केली. पलीकडच्या टेबलावर एका बाईचं हसू विरून गेलं होतं. तिच्या मागं एक तरुण मुलगा आपल्याच हातांकडं पाहत होता. खिडकीजवळची सई आईचा पदर धरून हुंदके देऊ लागली होती आणि तिच्या आईला काय झालं ते कळत नव्हतं. सभागृहातली निम्मी बोलणी बंद झाली होती.

सुधन्वा उठला. इतक्या चपळाईनं उठलेला तो हेमांगीला वर्षभरात दिसला नव्हता. वळसा घालून तो श्रीरंगशेजारी बसला आणि त्याचा खरकटा हात दोन्ही हातांत घेतला.

"श्रीरंग, माझ्याकडं बघ. तुला काही सांगायचंय का? कोणालाही, काहीही? आत्ता सांग. वेळ थोडा आहे रे."

टेबलाखाली श्रीरंगचं पाऊल हलायला लागलं होतं. "सुधन्वा," तो कसाबसा म्हणाला, "मला गेलं वर्षभर…"

मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. मग दुसरी. मग सगळीकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले, आणि हेमांगीनं पाहिलं की माणसं अर्धी ताटं टाकून, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, दाराकडं चालू लागली होती.